शिखर सरकलं? आधी सेलचं तापमान बघा

रिव्हर्सिबल सॉलिड ऑक्साइड सेल साधारण ८०० अंश सेल्सिअसला कधी हायड्रोजन घेऊन वीज देतो, कधी वीज घेऊन वाफेतून हायड्रोजन काढतो. काम संपल्यावर तो थंड करून फोडला, तर भेगा दिसतात. त्या कधी पडल्या ते मात्र कळत नाही. म्हणून सेल चालू असतानाच एक्स-रे डिफ्रॅक्शन घ्यायचं: स्फटिकातल्या अणूंच्या थरांवरून विखुरलेल्या किरणांची आलेखात शिखरं उमटतात, आणि शिखराच्या जागेवरून थरांमधलं अंतर कळतं.

प्रयोगशाळेतल्या तांब्याच्या ट्यूबचे किरण वरच्या काही मायक्रोमीटरमध्येच अडतात. सेलचे सगळे थर (दोन इलेक्ट्रोड आणि मधला इलेक्ट्रोलाइट) हवे असतील, तर सिंक्रोट्रॉनचे, म्हणजे प्रखर एक्स-रे देणाऱ्या मोठ्या कणत्वरकाचे, ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे किरण घ्या.

आता असा आलेख समोर आहे असं समजा. सेल वीज देत होता, आपण दिशा उलटवली आणि ऑक्सिजन इलेक्ट्रोडचं, म्हणजे एलएससीएफचं (लॅन्थॅनम, स्ट्रॉन्शियम, कोबाल्ट आणि लोह यांच्या ऑक्साइडचं), शिखर सरकलं. लगेच 'रचना बदलली' असं लिहू नका. ८०० अंशांच्या आसपास वाफेच्या विघटनात १.२९ व्होल्टच्या खाली सेल गार होतो, वर गेलं की तापतो. वीज देताना तर तापतोच. तापमान मोजणारं थर्मोकपल सेलपासून पाच मिलिमीटर दूर असेल, तर त्याला हा फरक नीट कळत नाही.

यावर उपाय सेलमध्येच आहे. वायएसझेड (यिट्रिया मिसळलेला झिर्कोनिया) इलेक्ट्रोलाइटची स्फटिक-जाळी दहा अंशांना साधारण ०.०१ टक्के फुगते; तोच आपला तापमापक. त्याच्या शिखराच्या सरकण्यावरून खरं तापमान काढा आणि त्या तापमानामुळे एलएससीएफ स्वतः जेवढं फुगतं, तेवढं त्याच्या मापातून वजा करा. उरेल तो ऑक्सिजनचा परिणाम: विघटनाच्या दिशेने जाळीतल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा भरतात, जाळी आकसते, वीज देताना उलट.

इंधनाच्या बाजूला, निकेलच्या इलेक्ट्रोडमध्ये, अणूंच्या थरांमधल्या दोन अंतरांवर डोळा ठेवा. खोलीच्या तापमानाला निकेल २.०३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), निकेल ऑक्साइड २.०९, गरम सेलमध्ये दोन्ही थोडी वाढतात. निकेल ऑक्साइडच्या जागी बारीकसा उंचवटा आला, तर बहुधा सील गळतंय किंवा वाफेबरोबरचा हायड्रोजन कमी पडलाय. तो दहा टक्के तरी ठेवा. निकेलचं ऑक्साइड झालं की आकारमान सुमारे १.७ पट होतं, आणि इलेक्ट्रोलाइट तडकू शकतो. उंचवटा दिसताच हायड्रोजन वाढवा; सेल वीज देत असेल, तर करंटही बंद करा.

निकेल इलेक्ट्रोलाइटपासून दूर सरकलं, तर मात्र डिफ्रॅक्शन सहसा गप्पच राहतं. धातू तोच, अंतरंही तीच. त्यासाठी सोबत इम्पिडन्स, म्हणजे सेलचा विद्युत रोध, मोजत राहा. रोध चढतोय आणि शिखरं जागच्या जागी आहेत, असं दिसलं की तो नमुना टोमोग्राफीसाठी (आतलं त्रिमितीय चित्र घेण्यासाठी) राखून ठेवा; फोडू नका.