मोहन कशाचं?

नमस्कार श्रोतेहो.

वाळवंट या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. मुळात वाळवंट म्हणजे नदीकाठची वाळू. चंद्रभागेचं वाळवंट. तिथे कीर्तन रंगतं, पोरं किल्ले करतात, वारकरी ओली धोतरं वाळत घालतात. मग भूगोलाच्या पुस्तकांनी तोच शब्द उचलून सहाराला लावला, आणि पाऊस नाही तिथे नुसती वाळू असणार, अशी आपली सगळ्यांची समजूत होऊन बसली. हीच समजूत घेऊन मी मेक्सिकोत गेले आणि चांगली तोंडघशी पडले.

नकाशात अमेरिकेच्या कॅलिफोर्नियाखाली शेवग्याच्या शेंगेसारखी एक लांबलचक पट्टी लोंबताना दिसते. ती बाहा कॅलिफोर्निया, मेक्सिकोची. एका अंगाला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या अंगाला आखात. माझा मुलगा सीमेच्या अलीकडे, सॅन दिएगोत राहतो. मार्चचा महिना होता, हिवाळ्यातला पाऊस नुकता सरला होता. मुलगा गाडी चालवायला, आमचे हे त्याच्या शेजारी, आणि मागे मी आणि डबे. डबे यांच्यासाठी. हे फोंड्याजवळच्या पुजारी घरातले. गोव्यात जन्मून मासळीचं कालवण न चाखलेला माणूस! परदेशात जाऊन पोहे-उपमा मागणाऱ्यांनी आपल्या घरीच राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते आमच्या घरात कोणालाच मान्य नाही, म्हणून इथे सांगून घेते.

एल रोसारिओ नावाच्या गावात टाकी भरायची. भरायचीच, श्रोतेहो. पुढे गेरेरो नेग्रोपर्यंत तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर पंपाचा भरवसा नाही. मध्ये कातावीन्या नावाची छोटी वस्ती लागते, तिथे रस्त्याकडेला पिंपातून पेट्रोल विकणारे बसलेले असतात, तेवढाच आधार.

एल रोसारिओ सोडून रस्ता डोंगरात शिरला आणि मी मागच्या सीटवर नीट सावरून बसले. वाळू कुठेच नव्हती. होतं ते जंगल. पानांचं नाही, काट्यांचं. दुमजली घराहून उंच निवडुंग, खोडं फुगलेली बुटकी झाडं, घायपाताचे भाऊबंद, खाली पिवळीजांभळी रानफुलं. आणि या सगळ्यांच्या वर सिरिओ. सिरिओ म्हणजे चर्चमधली लांब मेणबत्ती, त्यावरून झाडाला नाव. मला तो उलटा रोवलेला मुळा वाटला. बुडाशी जाड, वर निमुळता होत गेलेला, अंगभर बारीक काटक्या, आणि एखादा तर शेंड्याशी कमान करून परत जमिनीकडे वळलेला. हे झाड जगात बाहाच्या या मधल्या पट्ट्यात आणि आखातापलीकडे सोनोराच्या किनाऱ्यावरच्या एका तुकड्यातच उगवतं. 1980 पासून हा सगळा प्रदेश संरक्षित आहे.

पाऊस किती? वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरला आषाढात एका दिवसात सहज पडून जातो तेवढा. मग एवढी हिरवाई कशावर जगते? हिवाळ्यातल्या त्या थोडक्या पावसावर, आणि जोडीला धुक्यावर. पॅसिफिकचं पाणी तिथे थंड, त्यावरून येणारी हवा धुकं होऊन सकाळी जमिनीवर सरकते. धुकं लक्षात ठेवा. त्या धुक्यावर सिरिओच्या अंगावर काय वाढतं माहितेय? दगडफूल! म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचं चुलतभावंड. मी गाडी थांबवायला लावली आणि एका सिरिओला हात लावून पाहिला. खरवडलं नाही, शपथेवर सांगते. पण पलीकडच्या सोनोरातले सेरी लोक म्हणतात, सिरिओला शिवलं की वारं सुटतं. तेही खोटं नाही. दहा मिनिटांत वारं सुटलं. आमच्या टायरातलं.

कातावीन्याच्या अलीकडे-पलीकडे ग्रॅनाइटच्या शिळांचा पसारा आहे. हंपी पाहिली असेल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्या शिळांमधून स्टेपनीवर लंगडत जाताना रस्त्याच्या कडेला एक जुनं टायर उभं केलेलं दिसलं, त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं ‘यांतेरा’. म्हणजे पंक्चरवाला. आपल्याकडेही पंक्चरवाल्याची पाटी टायरचीच असते. ही खूण जगात कोणी कोणाकडून घेतली, देव जाणे. टायरवरचा बाण आत वळत होता. आत वळलो, आणि पोचलो ते रांचो सांता इनेसला.

रांचो म्हटल्यावर सिनेमातले घोडेस्वार आणि लांबच लांब कुंपणं डोळ्यांपुढे आणू नका. बाहाचा रांचो म्हणजे गोठा, घर आणि पाणी. दोन-चार बसकी घरं, काटक्यांचं आवार, शेळ्या, गुरं आणि मेस्कीट. मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं भावंड. आपल्याकडे तिला शिव्या घालतात, तिथे तिच्या सावलीत माणसं जेवायला बसतात. आणि पाणी. पाणी आहे तिथे रांचो आहे, पाणी नाही तिथे कोणी नाही.

इतिहास मुलाने गाडीतच वाचून दाखवला होता, तो थोडक्यात सांगते. 1697 मध्ये लोरेतोपासून जेझुइट पंथाचे पाद्री या द्वीपकल्पात एकेक मिशन, म्हणजे चर्च आणि त्याभोवतीची वस्ती, उभारत वर सरकले. त्यांचं शेवटचं मिशन सांता मारिया, 1767 चं. सांता इनेसहून डोंगरात एक खडतर वाट जाते, ती तिथेच. पुढच्याच वर्षी स्पेनच्या राजाने जेझुइटांना इथून हाकललं. मग फ्रान्सिस्कन पंथाचे पाद्री आले. त्यांच्यातल्या हुनिपेरो सेराने मे 1769 मध्ये थोडं वायव्येला सान फेर्नांदो वेलिकाता स्थापलं आणि तसाच उत्तरेला निघाला. त्याच जुलैत सॅन दिएगोचं मिशन. बाहाच्या या मधल्या पट्ट्यातले मूळचे कोचिमी लोक देवी-गोवराच्या साथींत जवळजवळ संपले. मिशनं ओस पडली. पाण्याकाठची गुरंवाली घरं तेवढी टिकली. डांबरी रस्ता पुरा झाला 1973 मध्ये. त्याआधी, 1967 च्या पहिल्या मोठ्या मोटार शर्यतीत, धुळीने माखलेल्या गाड्यांचा एक थांबा हाच रांचो होता. इतिहास संपला. आता स्वयंपाकघरात चला.

टायर दुरुस्त व्हायला दोन तास लागणार होते. घरच्या आजींनी आम्हाला आत बोलावलं. तिथे वडीलधाऱ्या बाईला दोन्या म्हणतात. मी आपली आजी म्हणत होते, आणि त्या ओ देत होत्या. चुलीत मेस्कीटची लाकडं, वर मोठा तवा. आजी मैद्याचे उंडे घेऊन, पोळपाट नाही, लाटणं नाही, नुसत्या दोन हातांवर थापटत, फिरवत पोळी मोठी करत होत्या. तोर्तिया हो. पण पोळीच. तव्यावर टाकली की टम्म फुगायची. आजकाल बाजारातून पाकिटातल्या पोळ्या आणणाऱ्या सुनांना, आणि सासवांनासुद्धा, त्या चुलीपुढे तासभर बसवायला हवं.

बरोबर शेळीच्या दुधाचं चीज आणि अंजिराचा मुरंबा. डबे गाडीतच राहिले. यांनी पहिली पोळी जरा जपून खाल्ली. दुसरी घाईने. तिसरी मागून घेतली.

“काय मऊ आहे गं,” हे म्हणाले. “तुझ्या पोळ्या अशा का होत नाहीत?”

श्रोतेहो, लग्नाला एक्केचाळीस वर्षं झालेली. मी मुलाला म्हटलं, “विचार रे, मोहन कशाचं घालतात?”

मुलाचं स्पॅनिश फोनवर शिकलेलं. त्याला मोहन सांगता सांगता नाकी नऊ आले. शेवटी आजींना कळलं. त्या म्हणाल्या, “मांतेका.”

मुलगा फोन चाचपायला लागला, तसे हे उसळले. “फोन कशाला? मला विचार! मांतेका म्हणजे लोणी. पोर्तुगीजमध्ये मांतेगा. आमच्या शाळेत पहिलीच्या पुस्तकात होतं.” हे 1961 च्या आधी दोन इयत्ता पोर्तुगीज शाळेत शिकले आहेत. त्या दोन इयत्तांवर आजवर बरंच काही तोललेलं आहे.

लोणी म्हणजे छानच. पण किती? मी बोटांनी माप विचारलं. आजींनी फळीवरचा डबा काढून माझ्यापुढे धरला. पांढरंशुभ्र, थिजलेलं, तुपासारखं. मी वास घेतला. चाळीस वर्षं तूप कढवणाऱ्या बाईला लोण्याचा वास कळतो. हा तो नव्हता.

मी डोक्यावर दोन बोटांची शिंगं केली आणि म्हटलं, “हम्मा?”

आजींनी मान हलवली. नाही.

मी म्हटलं, “बें?”

आजी हसायला लागल्या. नाही. मग त्यांनी तर्जनीने आपलं नाक वर दाबलं आणि... थांबा, मायक्रोफोनपासून जरा लांब होते... “हॉंक्! हॉंक्!”

मुलाने खाली बघितलं. मी यांच्याकडे बघितलं. यांच्या हातात तिसरी पोळी, अर्धी आत, अर्धी बाहेर. दारातून मेस्कीटखालचं डुक्कर दिसत होतं. तेही इकडेच बघत होतं.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग यांनी तोंडातला घास चावून गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, “म्हणजे शब्द पोर्तुगीजांनी चुकीचा उचलला.”

आजींना सगळं न सांगता समजलं. त्यांनी हात धुतले, दुसऱ्या परातीत नवं पीठ घेतलं, त्यात माझ्यासमोर तेल घातलं आणि यांच्यासाठी पुन्हा दोन तोर्तिया केल्या. त्याही फुगल्या. पण ताटात येईतो कडक झाल्या. हे एक खाऊन म्हणाले, “बरी आहे.” आजींनी पैसे टायरचेच घेतले.

गाडी पुन्हा दक्षिणेला लागली. पन्नासेक किलोमीटर हे गप्प. मग मागे न वळता विचारलं, “काय गं, त्या पहिल्या पिठात तिने मीठ जास्त घातलं होतं का? चव वेगळी होती जरा.”

मी खिडकीतून सिरिओ मोजत होते. म्हटलं, “असेल मीठ.”