राजाविना चर्च कसं चालवायचं? स्वीडनच्या लार्स पॉल एस्ब्यर्न यांची गोष्ट

नमस्कार मंडळी.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात अँडोव्हर नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे विटांचं एक साधंसं चर्च आहे, जेनी लिंड चॅपल. या चर्चला मनोरा नाही. असं सांगतात की मनोऱ्यासाठी आणलेलं लाकूड शवपेट्या करण्यात संपलं. स्वीडनहून येणारी माणसं कॉलऱ्याने मरत होती आणि याच चर्चच्या तळघरात आजाऱ्यांना ठेवावं लागत होतं.

हे चर्च उभं करणारे पाळक म्हणजे लार्स पॉल एस्ब्यर्न. पुढे ते ईश्वरविज्ञानाचे प्राध्यापक झाले. पण मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वेगळंच वाटतं. राजा नाही, सरकार नाही, कर नाही, तर चर्च चालवायचं कसं, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या संसाराची राखरांगोळी होत असताना सोडवत नेला.

हा प्रश्न किती अवघड होता हे कळायला आधी त्यांचा स्वीडन बघू. तिथे लुथरन चर्च, म्हणजे मार्टिन ल्यूथर यांच्या शिकवणीवर चालणारं प्रोटेस्टंट चर्च, हे सरकारचंच एक अंग. मूल जन्मलं की ते चर्चचं सभासद. जन्म, मृत्यू, गाव सोडून जाणं, सगळ्याची नोंद पाळकाच्या वहीत. १७२६ च्या कायद्याने तर पाळकाशिवाय घरात जमून प्रार्थनासभा भरवायलाही बंदी होती!

एस्ब्यर्न यांचा जन्म १८०८ चा, हेल्सिंगलांड प्रांतातल्या देल्सबोचा. आईबाप लहानपणीच गेले. उप्सालाला शिकून १८३२ मध्ये त्यांनी पाळकपदाची दीक्षा घेतली. नोकरी पक्की होती. पण धर्म फक्त वहीतल्या नोंदीत राहू नये, तो माणसाच्या आत जागा व्हावा, या विचाराने त्यांना ओढलं. त्यात ते दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते. घरोघरी दारू गाळणाऱ्या त्या काळच्या स्वीडनमध्ये असा पाळक सगळ्यांना कसा रुचणार?

१८४९ च्या उन्हाळ्यात येव्ले बंदरातून ते सहकुटुंब अमेरिकेला निघाले. सोबत सव्वाशेहून जास्त माणसं होती. या स्थलांतरात त्यांची पोटची मुलं गेली आणि १८५२ मध्ये पत्नी अमालियाही गेल्या.

आता अँडोव्हरला या. १८ मार्च १८५० रोजी त्यांनी तिथे स्वीडिश लुथरन मंडळी, म्हणजे एका चर्चच्या भाविकांचा समूह, स्थापन केली, फक्त दहा सभासदांची. आजूबाजूला स्पर्धा होतीच. जवळच बिशप हिलला एरिक यान्सन या बंडखोर उपदेशकाची स्वीडिश वसाहत होती, आणि योनास हेडस्ट्रॉम हा मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचा उपदेशक नव्याने आलेल्या स्वीडिश लोकांना आपल्याकडे ओढत होता. स्वीडनमध्ये लोक आपोआप पाळकाच्या हाती येत. इथे पाळकाला लोकांच्या दारी जावं लागत होतं.

आणि पैसा? उतरलेल्या लोकांकडे तो नव्हताच. एस्ब्यर्न यांनी अमेरिकन होम मिशनरी सोसायटी या लुथरन नसलेल्या संस्थेची मदत घेतली. मग देणग्यांसाठी पूर्वेकडच्या शहरांत हिंडले. त्या वेळी जेनी लिंड ही विख्यात स्वीडिश गायिका अमेरिकेच्या दौऱ्यावर होती. तिने १,५०० डॉलर दिले, म्हणून चॅपलला तिचं नाव.

१८५८ मध्ये ते स्प्रिंगफील्डच्या इलिनॉय स्टेट युनिव्हर्सिटीत प्राध्यापक झाले. नाव सरकारी वाटतं, पण ही लुथरन संस्था होती. अब्राहम लिंकन यांचा मुलगा रॉबर्टही तिथे शिकला होता. पाळक तयार केल्याशिवाय मंडळ्या टिकणार नाहीत, हे एस्ब्यर्न यांनी ओळखलं होतं. पण तिथे वाद पेटला. १५३० चा आउग्सबुर्ग कबुलीजबाब, म्हणजे आपण काय मानतो हे सांगणारा लेखी जाहीरनामा, हा लुथरन श्रद्धेचा पाया. अमेरिकेतल्या काही लुथरनांना त्यातली कलमं बदलायची होती, १८५५ मध्ये तसा मसुदाही निघाला होता. एस्ब्यर्न यांना ते अजिबात मान्य नव्हतं.

१८६० च्या वसंतात त्यांनी राजीनामा दिला आणि शिकागो गाठलं. बहुतेक स्कँडिनेव्हियन विद्यार्थीही त्यांच्या मागोमाग निघाले. मला हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात धाडसी क्षण वाटतो. समुद्र ओलांडताना निदान मागे एक व्यवस्था होती, इथे पुढे काहीच नव्हतं. त्याच वर्षी ५ जूनला विस्कॉन्सिनमधल्या जेफरसन प्रेअरी इथे स्वीडिश आणि नॉर्वेजियन मंडळ्यांनी मिळून ऑगस्टाना सिनॉड, म्हणजे मंडळ्यांचा संघ, स्थापन केला. सिनॉडची सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, शिकागोत सुरू झाली आणि एस्ब्यर्न तिचे पहिले प्रमुख झाले.

या सेमिनरीसाठी मदत मागायला ते स्वीडनला गेले. राजा पंधरावा कार्ल याने ५,००० ग्रंथ दिले. आणि मग १८६३ मध्ये एस्ब्यर्न कायमचे मायदेशी परतले. ऑस्टरवोला इथे पाळक म्हणून राहिले, १८७० मध्ये वारले.

काहींना हे पळून जाणं वाटेल. मला तसं वाटत नाही. चौदा वर्षांत त्यांनी अशी घडी बसवली की ते गेल्यावरही ती विस्कटली नाही. सेमिनरी पॅक्सटनला गेली, १८७५ मध्ये रॉक आयलंडला स्थिरावली, आणि ऑगस्टाना सिनॉड १९६२ मध्ये मोठ्या लुथरन चर्चमध्ये विलीन होईपर्यंत स्वतःच्या पायावर चालला.

एस्ब्यर्न यांच्या जागी आलेले हासेलक्विस्ट यांनी १८९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ही संस्था चालवली. पुढच्या भागात त्यांच्याबद्दल बोलू.