गवळ्यांचे तळ

मित्रहो, नागपूरहून काटोल रोडनं निघालात की शहर मागे पडतं न पडतं तोच जुनापाणी येतं. मुरमाड माळ, आणि त्यावर काळ्या धोंड्यांची रिंगणं. थोडीथोडकी नाहीत, तीनशेच्या आसपास. धोंड्याला धोंडा लावून गोल मांडलेला, आत दगडमातीचा भराव किंचित फुगलेला. अभ्यासक त्यांना शिळावर्तुळं म्हणतात.

लोक काय म्हणत? जुन्या गॅझेटियरांत नोंद आहे: हे गवळ्यांचे तळ. हे गवळी म्हणजे दारात दूध घालणारे नव्हेत, तर कथांतले गवळी राजे. ज्यांच्यावरून गाविलगडाला नाव पडलं, ते. असीरगडाच्या आसा अहिराची कथा त्याच गोतातली. जुन्या वास्तूचा धनी ठाऊक नसला, की आपल्याकडे ती पांडवांच्या नावावर चढते, नाहीतर गवळ्यांच्या. इथे पांडव का आले नाहीत, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कर्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं इथे खणलं. निघाल्या लोखंडी कुऱ्हाडी, मडकी, घोड्याचे लगाम. म्हणजे हे तळ नव्हते, मृतांच्या जागा होत्या. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या. पुढे जवळच माहुरझरीला प्रा. शां. भा. देवांच्या उत्खननात माणसासोबत पुरलेला घोडा सापडला. त्याच्या तोंडावर चढवायचा तांब्याचा साजही. गेलेल्या धन्याबरोबर एवढं जिवाभावाचं, एवढं किमती जनावर मातीत घालणारी ही माणसं! घोडा त्यांच्यासाठी नुसतं वाहन नव्हता, एवढं तरी त्यावरून कळतं.

आता सांगा, लोककथा अगदीच चुकली का? जनावरांवर जीव असलेली माणसं इथे होती, हे तिनं धरलं. अडीच हजार वर्षांची आठवण तोंडोतोंडी टिकली, असा दावा मी करणार नाही. पण माळावर रोज गुरं चारणाऱ्या माणसानं ते रिंगण पाहिलं आणि त्याला तळ आठवला. ते पाहणं मला खरं वाटतं. अर्थात कथेत सगळं मावलेलं नाही. नागपूर जिल्ह्यातल्याच नैकुंडला त्याच लोकांची लोखंड गाळायची भट्टी मिळाली, धान्याचे दाणे मिळाले. म्हणजे शेती होती, कारागिरी होती. नुसते भटके गुराखी नव्हते ते.

जुनापाणीला गेलात तर वाकून धोंडे बघा. काहींवर ओळीनं खळगे कोरलेत, वाटीसारखे, बोटाचं पेर बसेल एवढे. ते दिशा दाखवतात, आकाशाशी त्यांचा संबंध आहे, असंही काही अभ्यासकांनी मांडलंय. मी सकाळच्या तिरप्या उन्हात पाहिले. दुपारी ते दिसतच नाहीत, ऊन डोक्यावर आलं की खळग्यातली सावली जाते आणि दगड सपाट भासतो. तेव्हा हात फिरवून शोधावे लागतात. आणि एक कळकळीची विनंती: शेताच्या धुऱ्याला, घराच्या पायाला तिथला एकही धोंडा हलवू देऊ नका. रिंगणातला एक दगड गेला, की त्याच्यावरची खळग्यांची ओळ कुठल्या दिशेला होती, ते पुन्हा कुणालाच सांगता येणार नाही.