पाखोमची दहा झाडं

मित्रहो, पत्रिकेवर आजचा विषय ‘टॉलस्टॉयच्या कथेतील लोभ : पात्र आणि आशय’ असा छापलाय. ‘माणसाला किती जमीन लागते?’ ही 1886 सालची कथा तुम्ही सगळ्यांनी वाचलेली आहे, म्हणून गोष्ट सांगत बसत नाही. आधी एक प्रश्न विचारतो. कथेचा नायक शेतकरी पाखोम, त्याच्या राईतली लिंडनची झाडं कुणी तोडली?

कुणाचाच हात वर नाही. बरं, शेवटी काय होतं? बघा, सगळे एकदम बोलायला लागलात. सूर्य मावळतो, पाखोम धावतो, टेकडीवर कोसळतो. शेवट पाठ आहे आणि झाडं कुणाला आठवत नाहीत. मला आज त्या झाडांबद्दलच बोलायचंय.

यामागे माझं एक जुनं दुखणं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी या कथेची मुलांसाठी केलेली एक संक्षिप्त आवृत्ती माझ्या हाती आली. पहिलंच वाक्य होतं, ‘पाखोम नावाचा एक लोभी शेतकरी होता.’ दुसऱ्या पानावर तो बाश्किर या भटक्या पशुपालक लोकांच्या माळावर पोचला, चौथ्या पानावर मेला. खाली चौकटीत तात्पर्य : अति तेथे माती. त्या ‘लोभी’ या एका शब्दाचा मला आजही राग येतो. माणूस लोभी कसा झाला हे सांगायला टॉलस्टॉयनं अर्धी कथा खर्च केली. आणि आपण मुलांच्या हाती आरोपी देतो, निकाल देतो, खटला मात्र फाडून टाकतो. मग मुलं उत्तरपत्रिकेत लिहितात, ‘पाखोम लोभी होता कारण त्याला लोभ होता.’ त्यांचा काय दोष?

एकदा मी वर्गात मूळ कथा सगळीच्या सगळी वाचून दाखवली. चांगले दोन तास लागले. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नसे, तिनं विचारलं, “सर, गाय बागेत शिरली तर एवढा दंड?” मला वाटलं, चला, एक तरी वाचक भेटला.

कथा तिथेच तर सुरू होते. गावाशेजारी एक जमीनदारीण आहे, तिची एकशेवीस देस्यातिना जमीन. एक देस्यातिना म्हणजे पावणेतीन एकरांच्या आसपास. तिचं गावाशी चांगलं चाललेलं असतं. मग ती एका निवृत्त शिपायाला कारभारी नेमते आणि तो दंडाचा धडाका लावतो. पाखोमचा घोडा ओट्सच्या शेतात शिरला, दंड. गाय बागेत गेली, दंड. वासरं कुरणात गेली, दंड. पाखोम पैसे मोजतो, घरी येतो आणि तो राग घरच्यांवर काढतो. हे सगळं दोन-चार ओळींत आहे, पण घर डोळ्यांसमोर उभं राहतं. 1861 साली रशियातले भूदास कायद्यानं मोकळे झाले, तरी पुरेशी जमीन हाती आली नाही आणि जी आली तिचे हप्ते मानेवर बसले. अशा शेतकऱ्याला दावणीची गाय सुटली तरी धडकी भरते. त्याची जमिनीची भूक या धडकीतून आलेली आहे. आपलं रान असावं, म्हणजे कुणी दंड मागायला येणार नाही, एवढंच त्याला हवं असतं.

पुढे बाई जमीन विकायला काढते. पाखोमजवळ शंभर रूबल शिल्लक असतात. तो शिंगरू विकतो, निम्मी मधमाश्यांची पोळी विकतो, मुलाला मजुरीला लावतो आणि पंधरा देस्यातिना घेतो, सोबत झाडांची छोटी राई. त्याचा पहिल्या नांगरटीचा आनंद टॉलस्टॉयनं असा लिहिलाय की वाचताना आपण पाखोमच्या बाजूचे होतो. तेच गवत, तीच फुलं, पूर्वी येता-जाता पाहिलेली. आता ती त्याला वेगळीच दिसतात. हा आनंद खरा आहे. त्याला लोभ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग शेजाऱ्यांची गुरं त्याच्या कुरणात येतात. आधी तो सोडून देतो, समजावतो. मग कोर्टात जातो आणि दंड करवतो. ज्या दंडानं पोळला, तोच आता दुसऱ्यांना लावतो. लोक चिडतात, आणि एके रात्री राईतली दहा लिंडनची झाडं सालीसाठी कुणीतरी तोडून नेतो. या सालीचे जोडे विणत असत. पाखोम येतो तर सोललेली खोडं आडवी पडलेली आणि बुंधे उभे. तो मनाशी ठरवतो की हे सेम्याचंच काम. सेम्याचं अंगण धुंडाळतो, काही सापडत नाही. तरी फिर्याद करतो. पुराव्याअभावी सेम्या सुटतो. पाखोम न्याय करणाऱ्यांनाच म्हणतो, तुम्ही चोरांना सामील आहात. आता घराला आग लावण्याच्या धमक्या सुरू होतात.

झाडं कुणी तोडली, हे कथेत शेवटपर्यंत कळत नाही. टॉलस्टॉयला सांगायचं असतं तर एका ओळीचं काम होतं. त्यानं आपल्याला पाखोमइतक्याच अंधारात ठेवलंय. आपल्यालाही सेम्याचा संशय येतो, हो की नाही? मालकीबरोबर संशय घरात येतो, आणि तो वाचकाच्याही घरात येतो.

इथेच मला या कथेतलं सगळ्यात मोलाचं वाक्य सापडतं. पाखोमला जमिनीत ऐसपैस झालं, पण ‘मीर’मध्ये अडचण झाली. रशियन भाषेत मीर म्हणजे जग, आणि मीर म्हणजे गावकीसुद्धा, जमीन सामाईक धरणारी गावकी. त्याच उच्चाराचा दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ शांतता. भाषांतरात यातलं एकच काहीतरी उरतं.

गावकीवरून आठवलं, हे राहिलंच होतं. जमीन विकायला निघाली तेव्हा गावानं आधी ती सगळ्यांनी मिळून घ्यायचं ठरवलं होतं! बैठका झाल्या, एकमत झालं नाही. सैतानानं फूट पाडली असं कथा म्हणते. मग ज्यानं त्यानं आपापलं पाहिलं. माझ्या मते कथेची खरी कलाटणी या दोन ओळींत आहे. त्या दिवशी एकमत झालं असतं तर ती दहा झाडं सगळ्यांची असती.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते आता पाच मिनिटांत.

आशय. सैतान या कथेत कुणावर जबरदस्ती करत नाही. व्होल्गा नदीपलीकडच्या जमिनीची बातमी एक वाटसरू आणतो, बाश्किरांची बातमी व्यापारी आणतो. मरणाच्या आदल्या रात्री पाखोमला पडलेल्या स्वप्नात बाश्किरांचा मुखिया, व्यापारी, वाटसरू आणि सैतान हे एकाच चेहऱ्याचे होत जातात. म्हणजे प्रत्येक वेळी मोह आला तो बातमीच्या रूपानं, आणि बातमी खरीच होती.

बाश्किर. ते हसतात, कुमीस म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध पितात, दिवसाला हजार रूबल हा भाव सांगतात : दिवसभरात चालून जेवढी जमीन घेरशील तेवढी तुझी, पण सूर्य मावळायच्या आत निघालास तिथं परत यायचं. पाखोमला मात्र कागद हवा, ते उद्या जमीन परत घेतील ही धास्ती. दहा झाडं तोडली गेली त्या दिवशीचा पाखोम तो इथवर सोबत घेऊन आलाय. टॉलस्टॉयला हा मुलूख माहीत होता. तो समारा भागात कुमीस प्यायला जाई, 1871 च्या सुमारास त्यानं तिथं स्वतःही मोठी जमीन घेतली. लिहिणारा टेकडीवरून बघत नव्हता, तो माळ त्यानंही चाललेला होता.

आणि शेवट. प्रचलित इंग्रजी भाषांतरात शेवटच्या ओळीत ‘तेवढीच त्याला लागली’ असं येतं. रशियनमध्ये ‘लागली’ नाही. तिथं आहे ते असं : पाखोमचा गडी पाखोमचंच फावडं उचलतो, डोक्यापासून पायापर्यंत पाखोमनं जेवढी व्यापली तेवढीच, तीन अर्शिन, खड्डा खणतो आणि त्याला पुरतो. तीन अर्शिन म्हणजे सुमारे सात फूट. तात्पर्य नाही, चौकट नाही. त्या गड्याला कथेत नावही नाही. मालक पडल्याबरोबर उचलायला धावला तो हाच, आणि बायको पाचशे वर्स्टांवर, म्हणजे पाचशेहून जास्त किलोमीटरवर, घरी आहे.