मायटोकॉन्ड्रियाला कामाला जुंपणारे जीन

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं पॉवरहाऊस, हे आपण सगळ्यांनी शाळेत घोकलंय, तेवढं लिहिलं की मार्क मिळायचे. पण कॅन्सर करणारे जीन, म्हणजे ऑन्कोजीन, या पॉवरहाऊसचं काय करतात ते मला आज सांगायचंय.

1920 च्या दशकात जर्मनीत ओटो वारबुर्ग यांनी बघितलं की ट्यूमरच्या पेशी भरपूर ऑक्सिजन असतानाही ग्लुकोज अर्धवटच वापरतात आणि त्याचं लॅक्टिक ॲसिड करतात. म्हणजे जिथे मायटोकॉन्ड्रियात नेऊन एका ग्लुकोजपासून साधारण 30 एटीपी, म्हणजे पेशीला एनर्जी पुरवणारे रेणू, मिळतात तिथे या पेशी दोनावर भागवतात आणि मग ग्लुकोज ओरपत बसतात, ट्यूमर शोधणारा आपला पेट स्कॅन याच भुकेवर तर चालतो. वारबुर्गना वाटलं, मायटोकॉन्ड्रिया बिघडलेत. बघितलं ते पक्कं होतं, पण अंदाज बहुतेक कॅन्सरमध्ये चुकीचा ठरला. मायटोकॉन्ड्रिया चालूच असतात हो, त्यांना काम वेगळं दिलेलं असतं!

कसं, ते सांगतो. भराभर वाढणाऱ्या पेशीला नुसती एनर्जी पुरत नाही, नवीन पेशी बांधायला फॅट, प्रोटीन, डीएनए यांचा कच्चा माल लागतो. मिक नावाचा जीन बेफाम झाला की तो मायटोकॉन्ड्रिया वाढवतो आणि त्यांना ग्लुटामिन नावाचं अमिनो ॲसिड जाळायला लावतो, त्यातून हा माल सुटतो. म्हणून कोणी म्हणालं ना की साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल, तर कृपा करून पेशंटचं जेवण तोडू नका. लिव्हर स्वतः ग्लुकोज बनवतं, आणि या पेशींकडे दुसरं इंधन असतंच.

आता रास, हाही असाच एक ऑन्कोजीन. पुस्तकात मायटोकॉन्ड्रिया घेवड्याच्या दाण्यासारखे सुटे दाखवतात, खरं तर ते एकमेकांना जोडले जातात, तुटतात, परत जोडले जातात, सारखं चालूच असतं. डीआरपी1 नावाचं प्रोटीन त्यांच्याभोवती कडं करून आवळतं आणि तुकडे पाडतं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये केरास हा रासचाच एक प्रकार बिघडलेला जवळपास 90 टक्के पेशंटमध्ये सापडतो, आणि 2015 मध्ये असं दिसलं की बिघडलेला रास एर्क या एन्झाइममार्फत डीआरपी1 ला चालू करतो, मायटोकॉन्ड्रियाचे तुकडे होतात. उंदरांमध्ये डीआरपी1 कमी केल्यावर ट्यूमरची वाढ मंदावली.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो बीसीएल2 हा ऑन्कोजीन. पेशी फार बिघडली की मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी नावाचं प्रोटीन बाहेर पडतं आणि पेशी स्वतःला संपवते. म्हणजे मरणाची चावी पण या पॉवरहाऊसकडेच. बीसीएल2 चं प्रोटीन मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणावर बसून हे बाहेर पडायचं दारच अडवून ठेवतं, आणि मरायला हवी ती पेशी जगत राहते. व्हेनेटोक्लॅक्स हे औषध नेमकं त्याला जाऊन चिकटतं, 2016 मध्ये अमेरिकेत ब्लड कॅन्सरच्या एका प्रकारासाठी त्याला मंजुरी मिळाली, आणि बीसीएल2 अडकला की दार उघडतं.