शंभर कार्डं, शंभर फेऱ्या

शाळेच्या लांब व्हरांड्यात शंभर कार्डं ओळीने मांडली आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला 1 ते 100 मधला एक आकडा, दुसरी बाजू कोरी. आत्ता सगळी पालथी आहेत. पहिली मुलगी निघते आणि प्रत्येक कार्ड उलटवते, सगळे आकडे वर येतात. दुसरी मुलगी जागा मोजत दर दुसरं कार्ड उलटवत जाते, तिसरी दर तिसरं. अशा शंभर फेऱ्या व्हायच्या आहेत. वर्गात मुली तीसच, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला तीन-चार फेऱ्या आल्यात. शेवटच्या पन्नास फेऱ्यांत तर एकेकच कार्ड उलटवायचं असतं, तरी कुणी आपली फेरी सोडत नाही.

शेवटी दहा आकडे वर राहतात: 1, 4, 9, 16, 25, 36, 49, 64, 81, 100.

"वर्गसंख्या!" मागून एकजण ओरडते.

"बरोबर," बाई म्हणतात. "पण का?"

या प्रश्नाला तीन दिवस लागले. बाईंनी मधे तोंड उघडलं नाही, आणि या वर्षातली त्यांची सर्वात अवघड कामगिरी मला हीच वाटते. पहिल्या दिवशी मुलींनी नुसत्या याद्या केल्या: 12 नंबरचं कार्ड कुणी कुणी उलटवलं? पहिलीने, दुसरीने, तिसरीने, चौथीने, सहावीने, बारावीने. म्हणजे 12 चे सगळे विभाजक. सहा वेळा उलटलं, पुन्हा पालथं. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं की विभाजक जोडीने येतात. 1 सोबत 12, 2 सोबत 6, 3 सोबत 4. मग 36 चं काय? 1 आणि 36, 2 आणि 18, 3 आणि 12, 4 आणि 9, आणि उरला 6. त्याचा जोडीदार तो स्वतःच. नऊ विभाजक, नऊ वेळा उलटलं, म्हणून सुलटं. तिसऱ्या दिवशी हे फळ्यावर लिहिणारी मुलगी वर्षाच्या सुरुवातीला हात वर करायलाही बिचकायची. खडू दोनदा मोडला, पण तिने तो दुसऱ्या कुणाला दिला नाही.

शाळा मुलींची आहे म्हणून हे सगळं आपोआप झालं, असं मात्र नाही. भराभर उत्तर सांगणाऱ्या दोघी-तिघी इथेही असतात, आणि बाकीच्या त्यांच्याकडे बघून गप्प बसतात. वर्षभर इथे खरी मेहनत झाली ती या गप्प बसण्यावर.

वर्षाच्या मध्यावर सांघिक स्पर्धा आली. त्यात एक रिले फेरी असते. पहिलीने आपला प्रश्न सोडवायचा, उत्तर चिठ्ठीवर लिहून दुसरीला द्यायचं, दुसरीच्या प्रश्नात तो आकडा वापरायचा, आणि असंच पुढे. बोलायला बंदी. आलेली चिठ्ठी पटली नाही तर ती तशीच परत करता येते, एवढीच मुभा.

पहिलीचा प्रश्न सोपा होता: दहाजणींनी एकमेकींशी एकदाच हस्तांदोलन केलं, तर एकूण हस्तांदोलनं किती? उत्तर 45. घाईत प्रत्येक हस्तांदोलन दोन्ही बाजूंनी मोजलं गेलं आणि चिठ्ठीवर 90 पडले. दुसरीचा प्रश्न होता: 1 पासून सलग किती संख्यांची बेरीज केली तर आलेला आकडा मिळेल? आकडा 45 असता तर उत्तर सरळ 9. पण 90 जमेना. बारापर्यंत बेरीज 78 येते, तेरापर्यंत 91. तिने तीनदा बेरीज केली. तीनही वेळा बेरीज बरोबर होती, तीनही वेळा तिला वाटलं, चुकतेय ती मीच. कारण चिठ्ठी पाठवणारी वर्गातली सर्वात हुशार मुलगी होती. चिठ्ठी परत गेली नाही. वेळ संपला.

परतीच्या वाटेवर कुणी फारसं बोललं नाही. दुसऱ्या दिवशी ते दोन्ही कागद फळ्याला चिकटवलेले होते, आणि पहिलीने आपल्या 90 खाली स्वतःच लिहिलं होतं: "परत का नाही पाठवलंस?" पुढचे कित्येक आठवडे सरावात मुद्दाम चुकीच्या चिठ्ठ्या पेरल्या गेल्या. परत करायला शिकणंही सरावानेच येतं.

अशा शाळांचा विषय निघाला की तेहरानच्या फरझानेगान या मुलींच्या शाळेत शिकलेल्या गणितज्ञ मरियम मिर्झाखानीची आठवण होते. माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी तिचं गणित फारसं बरं नव्हतं. पुढे ती आणि तिची मैत्रीण रोया बेहेश्ती मुख्याध्यापिकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, मुलांच्या शाळेत प्रश्न सोडवण्याचे जसे वर्ग होतात, तसे आम्हालाही हवेत. मुख्याध्यापिकांनी ते सुरू केले. 1994 मध्ये मरियमला आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड या शालेय मुलामुलींच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं, 1995 मध्ये पुन्हा सुवर्ण, तेही 42 पैकी 42 गुणांसह. 2014 मध्ये फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला एक सर्वोच्च सन्मान, मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. हे पदक 1936 पासून दिलं जातंय. दुसरी स्त्री, मरीना व्याझोव्स्का, 2022 मध्ये आली. 2017 मध्ये मरियम गेली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी. मला या साऱ्यात मुख्याध्यापिकांच्या दारात उभ्या असलेल्या त्या दोन मुली जास्त दिसतात.

चीनमध्ये 2002 पासून मुलींचं स्वतंत्र गणित ऑलिंपियाड होतं. त्यावरून कल्पना घेऊन 2012 च्या एप्रिलमध्ये केंब्रिजला युरोपियन मुलींचं ऑलिंपियाड सुरू झालं. संघात चारजणी. दोन दिवस, रोज तीन प्रश्न, रोज साडेचार तास. साडेचार तासांत तीन प्रश्न! सात मिनिटांत दहा प्रश्न सोडवायची सवय लागलेल्या मुलीला हे ऐकून आधी सुटल्यासारखं वाटतं, मग भीती वाटते.

आपल्या शाळेतल्या मुली अजून तिथवर पोचलेल्या नाहीत, पण वर्षाच्या शेवटी त्यांनी तशी एक परीक्षा दिली. लांब उत्तरांची, प्रत्येक प्रश्नाला सात गुण. रिलेतल्या त्या दुसऱ्या मुलीचा हा कागद. तीन प्रयत्न खोडलेले आहेत. चौथ्यात अर्धं पान सुबक अक्षरात आहे आणि त्याखाली एक ओळ: "इथपर्यंत सिद्ध झालं. पुढे अडले आहे." सातपैकी दोन गुण. हा कागद तिने घरी दाखवला, मग वर्गातही आणला.

आणि आता पुन्हा तोच व्हरांडा, तीच कार्डं. या वेळी प्रश्न तिने काढलाय: फक्त विषम क्रमांकाच्या फेऱ्या केल्या तर? पहिली, तिसरी, पाचवी, अशा नव्याण्णवपर्यंत. बाईंकडे याचं उत्तर तयार नव्हतं, त्याही आज मुलींबरोबर खाली वाकून कार्डं उलटवतायत.

शेवटची फेरी झाली. सतरा आकडे वर आहेत. वर्गसंख्या दहाच्या दहा आहेत. पण त्यांच्यामध्ये 2 कुठून आला? 8? 18, 32, 50, 72, 98?

कुणी ओरडत नाही. ती 18 च्या कार्डापाशी मांडी घालून बसलीये आणि बोटांवर विभाजक मोजतेय: 1, 3, 9...