पिथौरागढ: दोन घरांचा जिल्हा

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तराखंडाचा पूर्वेकडचा कोपरा. उत्तरेला तिबेट, पूर्वेला नेपाळ, आणि नेपाळच्या हद्दीवरून वाहणारी काली नदी. २४ फेब्रुवारी १९६० रोजी अल्मोड्यातून हा जिल्हा वेगळा काढला. त्याच दिवशी गढवालात चमोली आणि उत्तरकाशीही वेगळे झाले. तिन्ही जिल्हे तिबेटला लागून आहेत. आदल्याच वर्षी दलाई लामा भारतात आले होते, सीमा तापू लागली होती. सरकारला तिथं जवळ बसून लक्ष ठेवायचं होतं. तेव्हापासून आपल्या बोलण्यात पिथौरागढ म्हणजे 'सीमावर्ती जिल्हा', देशाचं टोक. मी तिथं गेली बरीच वर्षं जातो आहे, आणि माझं म्हणणं असं की तिथल्या जुन्या माणसाला आपण टोकाला राहतो असं कधी वाटलंच नव्हतं. त्याच्या लेखी त्याचं गाव एका वाहत्या रस्त्याच्या मधोमध होतं.

तो रस्ता समजायला नद्या समजल्या पाहिजेत. मिलमच्या हिमनदीतून गोरी निघते, तिचं खोरं ते जोहार. पूर्वेला धौलीचं खोरं, त्याला दारमा म्हणतात. त्याहून वर, कुटी यांक्ती आणि काली यांच्या काठी ब्यांस. धौली आणि काली यांच्या मधल्या चढांवर चौदांस. धौली तवाघाटला कालीला मिळते, गोरी जौलजीबीला. म्हणजे सगळं पाणी शेवटी कालीत. आणि पाणी जिथून खाली येतं तिथूनच माणूस वर जातो, दुसरी वाट नाही. धारचुला समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्याही आत आहे. तिथं आंबा पिकतो. तिथून वर चढत गेलात तर लिपूलेख खिंड पाच हजार मीटरच्या वर. एका जिल्ह्यात एवढी उंची! आपलं कळसूबाई १६४६ मीटर. मुनस्यारीचा बाजार त्याहून साडेपाचशे मीटर उंच भरतो, आणि मुनस्यारी तर तिथं 'खालचं' गाव समजतात.

वरच्या खोऱ्यांत राहणाऱ्यांना सरकारदप्तरी भोटिया म्हणतात. जोहारचे लोक स्वतःला शौका म्हणवतात, दारमा-ब्यांस-चौदांसचे रं. रं लोकांच्या बोली तिबेटी-बर्मी कुळातल्या आहेत. जोहारी शौका आता कुमाऊनीच बोलतात, त्यांची जुनी बोली मागेच विझली. या सगळ्यांची रीत एक: घरं दोन. हिवाळ्यात खाली, धारचुला, जौलजीबी, तेजम या बाजूला. बर्फ वितळलं की मे महिन्यात गुरं, मेंढ्या, भांडीकुंडी, म्हातारी माणसं, तान्ही मुलं सगळं घेऊन वरच्या गावी. दिवाळीच्या सुमाराला पुन्हा खाली. याला भटकेपणा म्हणू नका. वरचं घर दगडी, दुमजली, दारा-खिडक्यांवर सुंदर कोरीव काम केलेलं. दोन्हीकडे शेत, दोन्हीकडे देव.

वरच्या घरी ते नुसती जवं आणि फाफर, म्हणजे कुट्टूच्या जातीचं धान्य, पेरायला जात नसत. तिथून खिंड ओलांडून तिबेटात व्यापाराला जात. खालून धान्य, गूळ, कापड. तिकडून मीठ, लोकर, सुहागा, म्हणजे आपला टाकणखार. जोहारी ग्यानिमाच्या बाजाराला जात, ब्यांसचे लोक ताकलाकोटला. प्रत्येक घराण्याचा तिबेटातला व्यापारी ठरलेला, त्याला मितुर म्हणत, आणि हे नातं बापाकडून मुलाकडे जाई. दगड फोडून अर्धा-अर्धा दोघांनी ठेवायचा, हाच करार, असं जोहारात सांगतात.

मुनस्यारीला शेरसिंग पांगती नावाच्या शिक्षकांनी उभं केलेलं एक संग्रहालय आहे. घराघरांतून जुन्या वस्तू जमवून या माणसाने ते भरलं. तिथं मी करबच हातात घेतली. मेंढीच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी लोंबणारी जोडपिशवी, जाड विणीच्या लोकरीची, झिजेल तिथं चामडं शिवलेलं. तिच्यात आठ-दहा किलो माल मावतो. उचलली तर माझ्या शाळेच्या दप्तराएवढीच. पण कळपात शेकडो मेंढ्या असत. जी पायवाट खेचराला जमत नाही तिच्यावरून मेंढी जाते, वाटेत स्वतःचं स्वतः चरते, आणि बाजारात पोचल्यावर तिचीच लोकर कातरून विकता येते. हिमालयाची वाहतूक याहून शहाणपणाने कुणी बसवली असेल असं मला वाटत नाही.

जोहारातलं वरचं गाव मिलम, तिथले नैनसिंग रावत. जन्म १८३०, पेशा गावातल्या शाळेत मास्तरकी, म्हणून 'पंडित'. इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याला तिबेटचा नकाशा हवा होता आणि गोऱ्या माणसाला तिथं मज्जाव होता. नैनसिंगांना देहरादूनला शिकवून तयार केलं. एकसारखं पाऊल टाकायचं आणि मोजायचं, शंभर पावलांना जपमाळेचा एक मणी. माळेत मणी १०८ असतात, यांच्या माळेत १००. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी टिपणांचे कागद. १८६५ साली काठमांडूहून निघाले, १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचले, आणि ल्हासाचं स्थान जगाच्या नकाशावर नेमकं बसलं. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. पण हे काम मिलमच्या माणसालाच का जमलं, ते बघा. त्याला तिबेटी येत होती, खिंडी पायाखालच्या होत्या, व्यापाऱ्याचं सोंग त्याला आणावं लागत नव्हतं. त्याच्या घराण्याचा तो धंदाच होता. ज्याला आपण टोक म्हणतो तिथं राहणाऱ्याला दोन्हीकडचं जग ठाऊक होतं.

१९६२ च्या युद्धाने खिंडी बंद झाल्या आणि एका हंगामात हा सगळा संसार उताणा पडला. व्यापार नाही तर मेंढ्या कशाला, आणि मेंढ्या नाहीत तर वरचं घर कशाला? मिलम शेकडो घरांचं गाव होतं. आज तिथं बहुतेक भिंतीच उभ्या आहेत, आत बिच्छू घास, अंगाला लागली की आग करणारी, माजलेली. १९६७ साली भोटियांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. मुलं शिकली, मोठमोठ्या हुद्द्यांवर गेली, हल्द्वानी, देहरादून, लखनौला स्थिरावली. त्यांची भरभराट झाली याचा मला मनापासून आनंद आहे. पण तिसरं घर झालं, आणि पहिल्याचं छप्पर बसलं.

२०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया आहेत. हा आकडा रत्नागिरीच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही, तिथं तो ११२० च्या वर आहे. चाकरमानी गेले की गावाचा आकडा असाच दिसतो.

सरहद्द म्हणजे काय, हे धारचुल्याच्या झुलत्या पुलावर उभं राहून पाहावं. १८१६ मध्ये अंमलात आलेल्या, इंग्रज आणि नेपाळ यांच्यातल्या सुगौलीच्या तहाने काली ही हद्द ठरली. पलीकडच्या गावाचं नाव दार्चुला. शे-दोनशे पावलांत घड्याळ पंधरा मिनिटं पुढे जातं, नाती मात्र तीच. रं लोकांची काही गावं, टिंकर आणि छांगरू, नेपाळात आहेत. मामाचं गाव परदेशात असणारी मुलं तिथल्या प्रत्येक वर्गात भेटतील.

चौदांसमध्ये बारा वर्षांनी कांगडाली फुलते, आपल्या कारवीची बहीणच. फुलली की उत्सव होतो आणि ती झुडपं उपटून टाकतात. पुढे बायका, हातात मागावरचं लाकडी हत्यार, रिल. गावातले पुरुष बाहेर असताना चालून आलेले शत्रू या झुडपांत लपले आणि बायकांनी त्यांना हाणलं, अशी कथा आहे. २०२३ साली हा उत्सव झाला तेव्हा दूरदूरच्या शहरांतून लेकीसुना गावी परतल्या होत्या.

आता लिपूलेखकडे रस्ता झाला आहे, २०२० साली त्याचं उद्घाटन झालं. पूर्वी कैलास-मानसरोवरचे यात्रेकरू जी वाट कित्येक दिवस पायी चालत, तिच्यावरून आज जीप जाते. १९९८ च्या ऑगस्टमध्ये याच वाटेवरच्या मालपात अख्खा मुक्काम दरडीखाली गेला, दोनशेहून जास्त माणसं गेली. डोंगर अजून तोच आहे, सैल आणि ओला. सुरुंग लावणाऱ्यांनी हे विसरू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. पण ब्यांसच्या वरच्या गावांत, गुंजी, नाबी, कुटीमध्ये दारं पुन्हा उघडू लागली आहेत, पाहुणे उतरू लागले आहेत, हेही मी पाहिलं.

धारचुल्यात एका रं कुटुंबाकडे मी राहिलो होतो. घरातल्या आजी मागावर बसून दन, म्हणजे तिकडचा गालिचा, विणत होत्या. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "तुमचं वरचं घर कुठं आहे?" मी म्हटलं, आजी, आमचं खालचं आहे, समुद्राकाठी, कोकणात, बंदच असतं. त्यांनी हातातला धागा थांबवला. "कुलूप कोण उघडतं?" वर्षातून एकदा मी जातो, म्हटलं. त्या म्हणाल्या, "गेलास की चूल पेटव. दोन दिवस धूर होऊ दे घरात. नाहीतर वाशांना कीड लागते."